एक डोळा, तीन लेसर, एकच यंत्र

रुग्ण स्त्री, वय ६४, मधुमेह १७ वर्षांपासून. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झालेली, कृत्रिम भिंग जागच्या जागी. तक्रार एकच: "मोतीबिंदू परत आलाय." मोतीबिंदू परत येत नसतो. शस्त्रक्रियेत भिंगाची मागची पातळ पिशवी, म्हणजे कॅप्सूल, मुद्दाम राखून ठेवतात. तिच्यावर उरलेल्या पेशी हळूहळू पसरतात आणि ती दुधी होते. स्लिटलॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या दुर्बिणीवर, हे पहिल्या नजरेत दिसलं. दृष्टी ६/३६. एवढंच असतं तर वायएजी लेसरने कॅप्सूलला खिडकी पाडून बाई तासाभरात मोकळ्या झाल्या असत्या.

पण रात्रीचा एक थेंब चालू असूनही डोळ्याचा दाब २७ मिलिमीटर पारा, म्हणजे चढाच होता. डोळ्याच्या नसेचा खळगा ०.७, म्हणजे काचबिंदूने नसेचं बरंच नुकसान आधीच केलेलं. आणि त्या दुधी कॅप्सूलआडून नसेच्या तोंडाशी नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांचा झुबका अंधुकसा दिसत होता. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याची (रेटिनाची) जी अवस्था होते तिचा हा पुढचा टप्पा. त्या वाहिन्या कधीही फुटून डोळ्यात रक्त उतरू शकतं.

रुग्ण प्रातिनिधिक आहे, कुणा एका व्यक्तीची ही हकिगत नाही. पण मधुमेह, काचबिंदू आणि मोतीबिंदूनंतरची धूसर कॅप्सूल ही तिघं एका डोळ्यात भेटणं अजिबात दुर्मीळ नाही. तिघांवरही लेसरचा उपचार आहे आणि तिघांचे लेसर वेगळे आहेत. कॅप्सूलला वायएजी, दाबासाठी एसएलटी (डोळ्यातलं पाणी निचरतं त्या कोपऱ्यातल्या जाळीवर देतात तो), पडद्यासाठी हिरव्या लेसरचे डाग, म्हणजे पीआरपी. विभागात हे तिन्ही एकाच टेबलावरच्या एकाच यंत्रात होते. साहजिकच पहिला प्रश्न आला: तिन्ही आजच उरकून टाकायचे का?

माझं मत आधीच सांगतो. यंत्रात तीन लेसर बसवता येतात म्हणून तीन उपचार एका बैठकीत बसतात असं नाही. उपचारांचा क्रम डोळा ठरवतो. एकत्र यंत्राची खरी परीक्षा एका लेसरवरून दुसऱ्यावर जातानाच्या त्या अर्ध्या मिनिटात होते.

पेटीच्या आत

हे तीन उपचार वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांच्या हातून आले, म्हणून त्यांची यंत्रंही वेगळी राहिली. पडद्यावर प्रकाशाने डाग देण्याची कल्पना जर्मनीच्या मायर-श्विकेराथ यांची, तीही लेसरच्या आधीची. त्यांनी झेनॉनचा दिवा वापरला. १९६० मध्ये मेमन यांनी रूबी लेसर पेटवला आणि काही वर्षांतच डोळ्याच्या डॉक्टरांनी लेसर उचलला. वायएजीने कॅप्सूल उघडणं १९८०च्या सुमारास आलं, फ्रान्समध्ये आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडमध्ये फांखाउझर यांच्या कामातून. एसएलटीची मांडणी लॅटिना यांनी १९९५ मध्ये केली. पडद्यावर एका दमात ठिपक्यांची पूर्ण नक्षी उमटवणारा स्कॅनिंग लेसर २००६ मध्ये ब्लुमेनक्रांझ, पॅलांकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला.

एकत्र करणं मुळात शक्य झालं ते एका योगायोगामुळे. वायएजी आणि एसएलटी यांचा उगम एकच आहे. निओडिमियम-वायएजी स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण निघतो. तो डोळ्याला दिसत नाही. त्याच्या वाटेत केटीपीसारखा दुसरा स्फटिक ठेवला की तरंगलांबी बरोबर निम्मी होते: ५३२ नॅनोमीटर, हिरवा. म्हणजे एका स्फटिकाला मोटरने आत-बाहेर सरकवलं की एकाच पोकळीतून, म्हणजे किरण तयार होतो त्या जागेतून, दोन उपचार मिळतात. एलेक्स या ब्रँडची टँगो यंत्रमालिका याच जोडीवर उभी आहे. लुमेनिस कंपनीच्या सिलेक्टा ट्रायो यंत्रामध्ये पडद्याचा लेसरही सोबत आहे.

तिसऱ्याचं मात्र तसं नाही. पडद्याचा लेसरही बहुधा ५३२ चाच असतो (काही यंत्रांत ५७७ चा पिवळा), पण तो सलग जळणारा लागतो. नॅनोसेकंदांत फुटणाऱ्या पोकळीतून तो मिळत नाही. त्यामुळे त्याचा उगम वेगळा असतो आणि तो फायबरमधून स्लिटलॅम्पपर्यंत आणतात. 'तीन-एकात' म्हणून दाखवतात ते यंत्र आतून 'दोन-एकात, अधिक एक' असतं. विकणारा हे सांगत नाही. विचारावं.

आता आकडे, कारण सगळी गंमत आणि सगळा धोका त्यांच्यातच आहे.

एसएलटीचा एक शॉट साधारण ०.८ मिलिजूलचा, ३ नॅनोसेकंदांचा, ४०० मायक्रॉन रुंदीच्या ठिपक्यात पसरलेला. पडद्याचा एक डाग समजा ३०० मिलिवॉटचा, २० मिलिसेकंदांचा, म्हणजे ६ मिलिजूल. ऊर्जा मोजली तर पडद्याचा शॉट सात-आठ पट मोठा. पण ताकद मोजली की चित्र उलटं होतं: एसएलटीचे ते ०.८ मिलिजूल ३ नॅनोसेकंदांत ओतले जातात, म्हणजे त्या क्षणापुरती अडीच लाख वॉटहून जास्त ताकद. रंग तोच हिरवा. पडद्यावर २० मिलिसेकंद मिळाल्यामुळे उष्णता आजूबाजूला पसरते आणि ऊती शिजते. तेच आपल्याला हवं असतं. एसएलटीत उष्णता रंगद्रव्याच्या कणाबाहेर पडायलाच वेळ मिळत नाही. त्या कणाला थंड व्हायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो आणि शॉट त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. रंगद्रव्य असलेली पेशी तेवढी मार खाते, शेजारची जाळी शाबूत राहते.

वायएजी या दोघांहून वेगळाच. २ मिलिजूल, ४ नॅनोसेकंद, पण ठिपका जेमतेम १० मायक्रॉनचा. हिशेब करून बघा: एसएलटीच्या तुलनेत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४००० पट ऊर्जा. इतक्या दाटीत अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात, ठिणगी पडते आणि तिच्या धक्क्याने कॅप्सूल फाटते. उष्णतेने काही जळत नाही, रंगद्रव्याचीही गरज नाही. म्हणूनच पारदर्शक कॅप्सूलवरही ती चालते. आणि म्हणूनच एसएलटीच्या जागी चुकून वायएजी सुटला तर डोळ्याच्या कोपऱ्यातल्या जाळीवर ठिणग्या पडतील, रक्त येईल.

दोन लेसर एका पोकळीत आणले की त्यांच्यामधलं अंतर एका सरकत्या स्फटिकाएवढं आणि एका गाळणीएवढं उरतं. गाळणी महत्त्वाची, कारण स्फटिक सगळा अवरक्त किरण हिरवा करत नाही. उरलेला १०६४ वाटेतच अडवावा लागतो. चांगल्या यंत्रात स्फटिक आणि आरसे खरंच जागेवर आले का हे स्वतंत्र सेन्सर तपासतात, शटर उघडण्याआधी ऊर्जा आतल्या आत मोजली जाते आणि दोन्ही जुळल्याशिवाय यंत्र 'तयार' होत नाही. वैद्यकीय लेसरसाठी आयईसी ६०६०१-२-२२ हे मानक आहे. त्यानुसार प्रत्यक्ष निघालेली ऊर्जा लावलेल्या आकड्यापासून २० टक्क्यांहून जास्त ढळता कामा नये. ही मर्यादा तिन्ही लेसरना वेगवेगळी लागू होते, आणि एकत्र यंत्रात प्रत्येकाची वाट वेगळी असल्यामुळे तपासणीही तीनदा करावी लागते. वार्षिक तपासणीचा कागद बघताना एकच आकडा दिसला तर उरलेले दोन मागून घ्या.

बैठकीत काय ठरलं

पडद्याचे तज्ज्ञ आणि काचबिंदूचे तज्ज्ञ एकाच खोलीत बसले, हे या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं पाऊल. दोघांची घाई वेगवेगळी होती. एकाला नव्या वाहिन्या दिसत होत्या, दुसऱ्याला २७.

काचबिंदूच्या डॉक्टरांनी आधी एक अट घातली: गोनिओस्कोपी, म्हणजे आरशाच्या काचेतून निचऱ्याच्या कोपऱ्याची तपासणी, होईपर्यंत बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे नाहीत. मधुमेहाच्या या अवस्थेत नव्या वाहिन्या पडद्यावरच थांबतात असं नाही. त्या बुबुळावर आणि थेट निचऱ्याच्या कोपऱ्यातही उगवतात. दाब त्यांच्यामुळे चढला असेल तर एसएलटीचा काही उपयोग नाही, उलट करूच नये. आणि बाहुली ताणली की कोपऱ्यातल्या बारीक वाहिन्या दिसेनाशा होतात, कोपऱ्याची रुंदीही खरी कळत नाही. नर्सच्या हातात थेंबाची बाटली होतीच. मधुमेहाचा रुग्ण आला की बाहुली मोठी करायची, हा हाताला पडलेला शिरस्ता. तो त्या दिवशी थांबवला.

कोपरा चहूबाजूंनी उघडा निघाला. जाळीवर मध्यम तपकिरी रंगद्रव्य, वाहिन्या कुठेही नाहीत. म्हणजे साधा, उघड्या कोनाचा काचबिंदू. एसएलटीला योग्य डोळा.

मग तिन्ही एकाच दिवशी करण्याचा पर्याय गंभीरपणे तपासला. कागदावर तो जमतोही. एसएलटी लहान बाहुलीवर, मग थेंब, बाहुली मोठी झाली की वायएजी, शेवटी पीआरपी. रुग्ण खुर्चीतून उठतसुद्धा नाही. एका दगडात तीन पक्षी.

तो पर्याय नाकारला गेला आणि त्याची कारणं यंत्राशी अजिबात संबंधित नव्हती. वायएजीनंतर दाब चढतो: फाटलेल्या कॅप्सूलचा चुरा जाळीत अडकतो. एसएलटीनंतर दाब चढतो: जाळीलाच मार बसलेला असतो. भरपूर पीआरपीनंतरही चढू शकतो: पडद्यामागच्या थराला सूज येते, बुबुळ पुढे ढकललं जातं, कोपरा अरुंद होतो. तीन वेगळ्या वाटांनी येणारा दाब एकाच संध्याकाळी, आणि तोही ०.७ खळगा असलेल्या नसेवर. शिवाय नुकत्याच मार खाल्लेल्या जाळीवरच कॅप्सूलचा चुरा जाऊन बसणार.

दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. एसएलटीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याच काळात पडद्यावरच्या नव्या वाहिन्या कोपऱ्यात शिरल्या तर एसएलटी वाया जाणार. वाहिन्यांना चिथावणी देणारा पडदा आधी शांत करावा, मग निचऱ्याची डागडुजी.

डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनचा पर्यायही पुढे आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोटोकॉल एस' या अभ्यासात, मधुमेहाच्या याच अवस्थेत रॅनिबिझुमॅबची (नव्या वाहिन्या रोखणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं दोन वर्षांच्या शेवटी पीआरपीपेक्षा कमी ठरली नाहीत. पण ती नेमाने घ्यावी लागतात. या बाईंच्या फाइलमध्ये दोन तपासण्यांमध्ये दीड-दोन वर्षांची खिंडारं होती. इंजेक्शन चुकलं की वाहिन्या परत उसळतात. लेसरचे डाग राहतात. पीआरपी ठरला.

अखेर क्रम असा झाला: पहिल्या दिवशी वायएजी आणि त्याच बाहुलीवर पडद्याचा खालचा अर्धा भाग. दोन आठवड्यांनी वरचा अर्धा. एसएलटी त्यानंतर, कोपरा पुन्हा तपासून. तोवर दाबासाठी थेंब वाढवायचे. वायएजी आणि पीआरपी एका दिवशी करण्यातही दाबाचे दोन धक्के होतेच, ते जाणून-बुजून पत्करले: खिडकी पाडल्याशिवाय पडदा नीट दिसत नव्हता आणि बाई परत येतील याची खात्री नव्हती. एकत्र यंत्राचा खरा फायदा इथे झाला, आणि तेवढाच झाला.

खालचा अर्धा आधी का? डोळ्यात रक्त उतरलं तर ते खाली साचतं आणि खालचा पडदा झाकला जातो. म्हणून जो भाग पुढे दिसेनासा होऊ शकतो तो आधी उरकायचा.

पहिला दिवस

दाब चढू नये म्हणून ब्रिमोनिडीनचा थेंब तासभर आधी. मग बाहुली मोठी.

"काकू, हनुवटी इथे टेकवा. कपाळ पट्टीला. आणि आवाज झाला तरी दचकायचं नाही."

वायएजीच्या शॉटला आवाज असतो, बारीक टिचकीसारखा. डॉक्टरांनी कॅप्सूलची काच डोळ्यावर टेकवली. दृश्यात दोन लाल ठिपके आले. हे दोन एकमेकांवर आले की फोकस जमला. पण शॉट बरोबर तिथेच सोडायचा नसतो, कारण कॅप्सूलच्या पुढे कृत्रिम भिंग जवळजवळ चिकटून असतं आणि ठिणगी त्यावर पडली की कायमचा खड्डा पडतो. म्हणून शॉट जरा मागे सरकवून ठेवतात, इथे १५० मायक्रॉन. १.२ मिलिजूलपासून सुरुवात. पहिल्या काही शॉटमध्ये कॅप्सूल सहज उघडली. तिरपी फाटली आणि कडा आपोआप गुंडाळल्या. खालच्या बाजूला मात्र एक जाड, पांढरा पट्टा होता. तिथे १.२ ने नुसते ओरखडे उमटले. ऊर्जा २ वर नेली तेव्हा तो सुटला.

एरवी एवढी खिडकी पुरली असती. इथे पुढे पीआरपी करायचा होता आणि अरुंद खिडकीतून पडद्याच्या कडा दिसत नाहीत. डॉक्टरांनी ती ४ मिलिमीटरपर्यंत वाढवली. मोठ्या खिडकीला जास्त शॉट लागतात, जास्त शॉट म्हणजे जास्त चुरा. यापुढे गेले नाहीत.

आता तो अर्ध्या मिनिटाचा भाग.

पॅनेलवर 'वायएजी' वरून 'पडदा' निवडलं. आत मोटर घरघरली, आरसा फिरला. यंत्र आपोआप स्टँडबायवर गेलं, हिरवा दिवा विझला. दोन लाल ठिपक्यांच्या जागी एकच लाल वर्तुळ आलं. डॉक्टरांच्या दुर्बिणीत हिरवा अडवणारी गाळणी सरकली आणि सगळं दृश्य किंचित पिवळटलं. खोलीतल्या बाकीच्यांसाठी चष्मे आधीपासून १०६४ आणि ५३२ अशा दोन्ही आकड्यांचे छापलेले होते. हे तपासावं लागतं, कारण नुसत्या हिरव्यासाठीचा नारिंगी चष्मा अवरक्त किरण अडवेलच असं नाही, आणि एकत्र यंत्राच्या खोलीत जुन्या यंत्राचे चष्मे खुंटीला लटकत राहतात.

इथवर सगळं यंत्राने केलं आणि चोख केलं. गडबड व्हायची ती यानंतरच्या पायरीवर. कॅप्सूलची काच काढून डॉक्टरांनी पडद्याची रुंद दृश्य देणारी काच घेतली. ही काच ठिपका जवळपास दुप्पट करते: यंत्रावर २०० लावलं तर पडद्यावर ४०० पडतात. पॅनेलवर काचेचं नाव निवडायचा रकाना होता आणि त्यात आदल्या रुग्णाची तीन आरशांची काच तशीच राहिलेली होती, जी ठिपका जवळपास आहे तेवढाच ठेवते.

टेक्निशियनच्या लक्षात आलं. "सर, काच बदलली, पण इथे जुनीच आहे."

तसंच पुढे गेले असते तर काय झालं असतं? रुंदी दुप्पट म्हणजे क्षेत्र चौपट, म्हणजे दाटी पाव. डाग उमटले नसते. डॉक्टरांनी ताकद वाढवत नेली असती आणि डाग दिसू लागल्यावर थांबले असते. त्या बैठकीत बहुधा काहीच बिघडलं नसतं. बिघडलं असतं मध्येच दुसरी काच घेतली असती तर, किंवा पुढच्या रुग्णाला तोच चढा आकडा मिळाला असता तर. तेव्हा त्याच ताकदीचा डाग पाव क्षेत्रात पडला असता.

यंत्राला आतला प्रत्येक आरसा कुठे आहे ते कळतं. डॉक्टरच्या हातात कोणती काच आहे ते कळत नाही. एकाच उपचाराच्या यंत्रावर ही अडचण सौम्य असते, कारण काचा एक-दोनच असतात आणि हात सरावलेला असतो. तीन उपचार एकत्र आले की कॅप्सूलची, कोपऱ्याची आणि पडद्याच्या दोन-तीन अशा काचा एकाच ट्रेमध्ये येतात. म्हणून माझा आग्रह असा की उपचार बदलला की आकडे मागच्या वेळचे येऊ नयेत, प्रत्येक वेळी कमीत कमी ताकदीवर परत यावेत आणि काचेचा रकाना रिकामा व्हावा. तो भरल्याशिवाय पायाचं बटण चालूच होऊ नये. काही डॉक्टरांना हे जाचक वाटतं. "मला माझे आकडे पाठ आहेत," असं म्हणतात. असतीलही, पण ते आकडे एका ठराविक काचेसोबतचे असतात. याउलट पॅनेलवर 'नक्की का?' असं विचारणाऱ्या पाट्या वाढवण्याच्या मी विरोधात आहे. तिसऱ्या दिवसापासून त्या न वाचता दाबल्या जातात.

पायाच्या बटणाचंही तसंच. वायएजीत एकदा दाबलं की एक शॉट. पडद्याच्या लेसरवर दाबून धरलं की शॉट येतच राहतात. बटण एकच, पाय एकच. पीआरपी सुरू करताना पहिला डाग एकेरी शॉटवर, कमी ताकदीने, नसेपासून आणि मध्यबिंदूपासून दूर टाकून बघायचा हा साधा नियम इथे पाळला गेला.

२० मिलिसेकंदांचे डाग, नक्षीत. ताकद फिका, राखाडी-पांढरा डाग दिसेपर्यंत वाढवली. आधीच्या काळात १०० मिलिसेकंदांचे, ५०० मायक्रॉनचे १२०० ते १६०० डाग देत. ते आकडे ईटीडीआरएस या मोठ्या अभ्यासातून आले. छोट्या वेळेचे डाग आकाराने लहान राहतात आणि पुढे फारसे पसरत नाहीत, म्हणून संख्येने जास्त द्यावे लागतात. दुखतं मात्र कमी. बाईंना बाजूच्या कडेला काही शॉट झोंबले, बाकी तक्रार नव्हती. कॅप्सूलचा चुरा काचेपुढे तरंगत असल्यामुळे मध्येच एखादी नक्षी अर्धी उमटे. तिथे परत जाऊन रिकाम्या जागा एकेरी डागांनी भरल्या.

तासाभराने दाब २९. डोर्झोलामाइड आणि टिमोलॉलचा एकत्र थेंब सुरू केला, दमा नाही याची खात्री करून. दुसऱ्या दिवशी २३.

पुढचे दोन टप्पे

दोन आठवड्यांनी वरचा अर्धा पडदा झाला. बाई आल्या, हेच विशेष. खिडकीतून पडदा स्वच्छ दिसत होता, चुरा खाली बसलेला, काम पहिल्यापेक्षा लवकर उरकलं. दृष्टी ६/१२. पडद्याच्या मधल्या भागाला सूज नाही, हे ओसीटीवर (पडद्याच्या थरांचं चित्र देणाऱ्या तपासणीत) पाहून घेतलं. वायएजीनंतर आणि पीआरपीनंतर, दोन्हीनंतर ती येऊ शकते.

पीआरपी पुरा झाल्यावर आणखी सहा आठवडे थांबून एसएलटी. नसेच्या तोंडाशी असलेला झुबका सुकून बारीक झाला होता. कोपरा पुन्हा पाहिला, वाहिन्या नव्हत्या. दाब दोन बाटल्यांवर २१.

या नसेसाठी २१ जास्तच. तिसरी बाटली देता आली असती, पण फाइलमधली ती खिंडारं बघता थेंबांवर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लाइट' या अभ्यासात ७१८ रुग्ण होते. ज्यांना पहिला उपचार म्हणून एसएलटी दिला त्यांच्यातले सुमारे ७४ टक्के तीन वर्षांनंतर एकही थेंब न घेता ठरवलेल्या दाबात होते. त्या अभ्यासातले रुग्ण नव्याने निदान झालेले आणि उपचार न घेतलेले होते. हा डोळा तसा नाही, त्यामुळे ७४ चा आकडा इथे लावायचा नाही. दिशा मात्र त्यातून मिळते.

या वेळी बाहुली लहान. कोपऱ्याची आरशाची काच. पॅनेलवर 'एसएलटी'. आत स्फटिक सरकून वाटेत आला आणि ४०० मायक्रॉनचं मोठं लाल वर्तुळ जाळीची अख्खी रुंदी व्यापून बसलं. या वर्तुळाचा आकारच डॉक्टरांसाठी सगळ्यात विश्वासाची खूण: दोन बारीक ठिपके दिसत असतील तर आपण चुकीच्या लेसरवर आहोत. शब्द वाचायचे राहून जातात, पण दृश्यात जे दिसतं ते चुकत नाही. यंत्र बनवणाऱ्यांनी तिन्ही लेसरच्या लाल खुणा अशा ठळक वेगळ्या ठेवल्या आहेत का, हे यंत्र घेण्याआधी स्वतः स्लिटलॅम्पला डोळा लावून पाहावं.

०.८ मिलिजूलपासून सुरुवात. सूक्ष्म बुडबुडे दर शॉटला दिसू लागले तेव्हा ०.१ ने कमी केलं. अधूनमधून दिसतील एवढंच हवं. चहूबाजूंनी मिळून शंभरच्या आसपास शॉट, एकमेकांना न चढता. पडद्यावर जसा डाग उमटतो तसं इथे काहीच दिसत नाही. त्यामुळे नवखा माणूस ताकद वाढवत जातो. एकत्र यंत्रावर काम करणाऱ्याने तर सकाळीच पडद्याचे पांढरे डाग पाहिलेले असतात. डोळा त्या मापाला सरावलेला असतो. ही चूक कुठलाही सेन्सर पकडत नाही.

तासाभराने दाब २२. आठ आठवड्यांनी १६, तेवढ्याच थेंबांवर. एक बाटली कमी करून बघायचं ठरलं.

यंत्राबद्दल उरलेलं

या एका डोळ्याला यंत्राने एक फेरी वाचवली. विभागाच्या हिशेबात जागा वाचली, एक टेबल, एक स्लिटलॅम्प, एक देखभाल करार. त्या बदल्यात काय गेलं? पीआरपी चालू असताना वायएजीचे रुग्ण बाहेर बसून राहतात. ज्या विभागात मोतीबिंदूचं काम भरपूर आणि पडद्याचंही भरपूर, तिथे एकत्र यंत्र हा नेहमीचा अडथळा होतो. लहान विभागात, जिथे तिन्ही कामं थोडी थोडी, तिथे ते फार उपयोगी. आणि बिघाड झाला की तिन्ही एकदम बंद पडू शकतात. पोकळीतला दोष असेल तर वायएजी आणि एसएलटी जातात, फायबरमधून येणारा हिरवा चालू राहू शकतो. पण स्लिटलॅम्पचा दिवा किंवा पॅनेल गेलं तर काहीच उरत नाही. घेताना विचारायचा प्रश्न: एक लेसर बंद पडला तर यंत्र उरलेले दोन चालू देतं, की स्वतःच्या तपासणीतच अडकून बसतं?

"एका बैठकीत तिन्ही उपचार" ही जाहिरातीतली ओळ मात्र गाळावी. वायएजी आणि पीआरपी कधीकधी एकत्र जमतात. एसएलटीला बाहुली लहान हवी, बाकी दोघांना मोठी. एवढ्या एका गोष्टीवरूनही कळतं की ही ओळ कुणी लिहिली असेल.

बाईंचा डावा डोळा अजून बाकी आहे. त्यात मोतीबिंदू आहे आणि पडद्यावर नव्या वाहिन्यांची सुरुवात. तिथे कॅप्सूलचा प्रश्नच नाही, दाबही १७. मोतीबिंदू अजून इतका दाट नाही की पडदा दिसू नये, म्हणून हिरवा लेसर आधी, शस्त्रक्रिया नंतर. पहिली बैठक पुढच्या आठवड्यात ठेवली आहे, पुन्हा खालच्या अर्ध्या पडद्यापासून.